गोष्टीपुरतं पाप

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी ती पोरवयावर, उन्हाळ्यावर किंवा एका इंग्रजी पुस्तकावर ढकलून मोकळा होईन. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला भर गल्लीत सरळ विचारलं होतं की अमुक गोष्ट खरी का. ती खोटी होती. ती खोटी आहे हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती मीच रचली होती. "खोटं आहे" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लोक तसं म्हणतात."

तेव्हा मी नववीत होतो. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वडील मूळचे माळशिरसकडचे, सोलापुरात जिल्हा परिषदेत कारकून. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खाली पुढच्या अंगाला घरमालकाचे माग आणि मागच्या अंगाला दोन बिऱ्हाडं. दिवसभर मागांचा खटखटाट चालायचा. तो थांबला की दुपारी झोपलेला माणूस दचकून जागा व्हायचा. गल्लीत लोक घरात तेलुगू बोलायचे, रस्त्यावर मराठी, आणि भांडणाला दखनी.

मागच्या बिऱ्हाडांपैकी एक रंगाऱ्याचं होतं. त्याला सगळी पोरं मामा म्हणायची, त्याच्या बायकोला मामी आणि एकुलत्या एका मुलीला अक्का. अक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. दारात बसून ती रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. हात चालू ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करायची. मी शाळेतून आलो की म्हणायची, "आले बघा कलेक्टर. आज किती गावं जप्त केली बे?"

माझ्या मावशीचे यजमान होटगीला रेल्वेत होते. उतारूंनी डब्यात टाकून दिलेली मासिकं ते घरी आणायचे आणि सुट्टीत मी गेलो की गठ्ठा माझ्यापुढे ठेवायचे. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटाच, असा त्यांचा समज. त्या गठ्ठ्यात मला ते पुस्तक सापडलं. जाड, खरबरीत कागदाचं, परदेशी चित्रकथांचं. वरचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे नाव काय ते कधी कळलंच नाही. आत काळ्या शाईतल्या पाच-सहा गोष्टी, सगळ्या भुताखेतांच्या, सुडाच्या, सडक्या हातांच्या. मी ते शर्टाखाली घालून सोलापूरला आणलं.

त्या पुस्तकाची एक रीत होती. गोष्टी निरनिराळ्या, पण सांगणारा एकच. एक काटकुळा शिंपी, गळ्यात मापाची फीत, मांडीवर अर्धवट शिवलेलं कफन. प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या चौकटीत तो सरळ वाचणाऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, या, सरळ उभे राहा, गोष्ट संपेपर्यंत तुमचं माप घेऊन होईल. मग गोष्ट सुरू. गोष्टीत एक माणूस पाप करायचा. कंजूष सावकार, भावाला विहिरीत ढकलणारा भाऊ, म्हाताऱ्या रोग्याचं औषध पाण्यात मिसळणारी परिचारिका. पाप पचलं असं त्याला वाटायचं. वाचणाऱ्याला मात्र पहिल्यापासून माहीत असायचं की ते पचणार नाही. शेवटच्या पानावर अर्धं पान व्यापणारी एकच मोठी चौकट. त्यात त्या माणसाला शिक्षा, आणि तीसुद्धा त्याच्या पापाच्याच मापाची. ज्याने विहिरीत ढकललं तो विहिरीत, ज्याने पाणी पाजलं ती पाण्यात. खाली कोपऱ्यात शिंपी पुन्हा हजर. एखादा वाईट विनोद करायचा, दोरा दाताने तोडायचा, आणि शपथेवर सांगायचा की गोष्ट अगदी खरी आहे.

मला अर्धं इंग्रजी कळायचं. उरलेलं मी चित्रांवरून जुळवायचो. जिथे जुळायचं नाही तिथे स्वतःचं घालायचो. शिवणाऱ्याच्या हाताला गाठ सैल झालेली कळते, तसं मला हळूहळू कळायला लागलं की गोष्ट कुठे आवळायची. आधी शिक्षा ठरवायची आणि मग तिला शोभेल असं पाप मागे नेऊन शिवायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपल्याला आलं याचा मला फार अभिमान होता.

मे महिन्यात दुपारी रस्ता तव्यासारखा तापायचा आणि पोरांना कोणी बाहेर सोडायचं नाही. जिन्याखाली घरमालकाची सुताची गाठोडी ठेवायची अंधारी खोली होती, घरातली तेवढीच गार जागा. तिथे मी गोष्टी सांगायला लागलो. आईच्या शिवणाच्या डब्यातली फीत गळ्यात घालायचो. पोरं ओळीने बसायची. मी एकेकाला उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायचो, फीत त्याच्या मानेला जरा गार लागेल अशी धरायचो. मग गोष्ट.

"पुढं काय झालं बे?"

"थांब की. अजून ह्याचं माप राहिलंय."

"त्याचं काय माप घेतो, ते वीतभर हाय. रुमालात बसंल."

हे बोलणारा शेजारच्या विणकराचा मुलगा, माझ्याच वयाचा, तोंडाने फार तिखट. गोष्ट संपली की त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

"हे कुटं झालं?"

"विलायतेत."

"मग आपल्याला काय भ्या? विलायतेचं भूत हितं कशाला येतं. त्याला तिकीट कोण देणार?"

पोरं हसायची आणि माझी सगळी मेहनत वाया जायची. म्हणून मी गोष्टी जवळ आणायला लागलो. विहीर आणली होटगीच्या यार्डामागे. सावकार आणला दुधनीच्या बाजारात. जितकी जागा जवळची, तितकी पोरं एकमेकांना चिकटून बसायची. अक्काही कधी कधी रहाट खोलीच्या दाराशी आणून ठेवायची. म्हणायची, "सांग, सांग. माझं कांडीकडं लक्ष हाय, मला काय ऐकू येत न्हाय." आणि नेमक्या जागी तिचा रहाट थांबायचा. त्या थांबलेल्या रहाटासाठी मी काहीही सांगितलं असतं.

पुस्तकातल्या गोष्टी पावसाळ्यापर्यंत संपल्या.

श्रावणात मामाला अपघात झाला. तो काम करायचा तो रंगखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. उकळत्या रंगाच्या कढईच्या दोन बाजूंना दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि दांड्यांवर टाकलेल्या सुताच्या लडी रंगात फिरवत राहतात. मामाच्या समोर उभा राहणारा जोडीदार दुधनीकडचा होता, मामाच्याच वयाचा, मराठीपेक्षा कानडी जास्त बोलणारा, रात्री रंगखान्यातच झोपणारा. त्या दिवशी ओल्या फरशीवरून मामाचा पाय सरकला आणि सावरायला त्याने दोन्ही हात पुढे केले. ते कढईत गेले. जोडीदाराने त्याला मागे ओढलं, टांग्यात घातलं आणि सिव्हिलमध्ये नेलं; गल्लीतल्या कुणी ते पाहिलं नव्हतं. रंगखाना काही दिवस बंद राहिला. त्या दिवसांत तो जोडीदार गल्लीतून दिसेनासा झाला. गावाला गेला असेल, असं मोठी माणसं म्हणाली आणि विसरून गेली.

मामा घरी आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. पट्टी संपते तिथे कातडीला लाल रंग तसाच होता. तो धुऊन निघत नव्हता. मामी त्याला घास भरवायची. तो ओट्यावर बसायचा, हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे असून त्याच्याकडे ठेवायला दिले असावेत.

आता जे सांगायचं आहे ते मी बायकोलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. त्या हातांकडे बघून मला वाईट वाटलं, पण ते नंतर. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की ही शेवटची चौकट आहे. अर्धं पान व्यापणारी. फक्त तिच्या आधीची पानं नाहीत.

गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी मी ती पानं तयार केली. जिन्याखालच्या खोलीत पोरं दाटीने बसली होती. अक्का घरी नव्हती, मामाला पट्टी बदलायला सिव्हिलमध्ये घेऊन गेली होती. मी फीत गळ्यात घातली आणि सुरू केलं. एक रंगारी असतो. त्याला कधीही न उतरणारा लाल रंग हवा असतो. तो सापडत नाही. त्याच्यासमोर कढईच्या पलीकडे रोज एक जोडीदार उभा असतो, परगावचा, ज्याची चौकशी करणारं शहरात कोणी नाही. पुढचं सांगायला नकोच. रंग पक्का होतो, रंगाऱ्याची वाहवा होते, आणि एके दिवशी उकळत्या कढईतून दोन हात वर येतात आणि त्याचे हात मनगटाला धरतात. शेवटी शिंपी म्हणतो, कापड पक्क्या रंगाचं आहे, गिऱ्हाईक, धुऊन बघा. आणि गोष्ट अगदी खरी आहे.

मी मामाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

कोणी हसलं नाही. शेजारच्या मुलाने कुठे घडलं म्हणून विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "म्हणून तो दुधनीवाला दिसत न्हाय व्हय?" मी काही बोललो नाही. शिंपीही अशा वेळी बोलत नसे, नुसता दोरा तोडायचा.

पोरांच्या तोंडून ती घरोघरी गेली. घरात ती गोष्ट राहिली नाही, शंका झाली. आठ-दहा दिवसांत आई नळावरून घागर घेऊन आली आणि वडिलांना म्हणाली, "ऐकलंत का, तो दुधनीचा माणूस म्हणे सापडत नाही."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या बायका बोलतायत. मामीनं घागर लावली की गप्प बसतात."

"गावाला गेला असेल. तुम्ही नका त्यात पडू."

मी तिथेच जेवत होतो. माझी गोष्ट नळापर्यंत गेली होती, मोठ्या माणसांनी ती खरी धरली होती. मला घास गोड लागला. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं.

त्याच सुमाराला अक्काचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, स्वतःचे दोन माग असलेला. त्याच्या घरच्या बायका येऊन अक्काला बघून गेल्या होत्या. मुलगी पसंत आहे असा निरोपही आला होता. मामाचे हात आता पूर्वीसारखे चालणार नव्हते, म्हणून हे लग्न त्या घराला लवकर आणि नीट व्हायला हवं होतं. एक चौकशी तेवढी राहिली होती. त्या लोकांत तशी पद्धत होती. सुपारी फोडण्याआधी घरातलं एखादं वडीलधारं माणूस एकटंच मुलीच्या गल्लीत यायचं आणि शेजारीपाजारी विचारायचं. जातभाईंना विचारण्यात अर्थ नसे, ते नात्याने किंवा वैराने बोलणार. म्हणून विचारायचं ते किराणा दुकानदाराला, पोरांना, आणि परजातीच्या भाडेकरूंना. ज्यांचं काही अडकलेलं नाही, त्यांचा शब्द खरा.

मुलाकडचे म्हातारे आले ते दसऱ्याच्या आधी, सकाळी. पांढरी टोपी, हातात छत्री. चौकशी उरकून ते मामाकडे चहाला येणार होते. मामीने आमच्याकडून दोन कपबशा मागून नेल्या होत्या. आम्ही पोरं दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी दुकानदाराशी बोलून घेतलं, पोरांना पेपरमिंट वाटलं आणि मग माझ्याकडे वळले.

"बाळ, तू माडीवरच्या क्लार्कसाहेबांचा न्हवं?"

"हो."

"तुमचं आमच्यात काय देणंघेणं न्हाय, म्हणून इचारतो. रंगाऱ्याचं घर कसं हाय?"

"चांगलं आहे."

"आन् पोरगी?"

"अक्का लई चांगली आहे."

ते समाधानाने मान हलवत होते. तेवढ्यात एक पाचेक वर्षांचं पोर, तोंडात पेपरमिंट घोळवत, म्हणालं, "त्येंच्या कढईत माणूस हाय."

पोरं खुसखुसली. म्हातारे वाकले. "काय म्हणतो ह्यो?"

"खरं हाय, आजोबा," शेजारचा मुलगा म्हणाला. "दुधनीवाल्याला कढईत घातलं. ह्याला इचारा की, ह्याला सगळं म्हाईत हाय."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. म्हातारेही. "खरं का रे बाळ?" त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनाही ते खोटंच निघायला हवं होतं, असं मला आज वाटतं.

खोटं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कुणी रचलं? आणि पायरीवरच्या सगळ्या पोरांसमोर, ज्यांना मी ती गोष्ट खरी म्हणून शपथेवर सांगितली होती त्यांच्यासमोर, मला सांगावं लागलं असतं की मी. त्या खोलीत मी जो कोणी झालो होतो तो तिथल्या तिथे संपला असता. मी अक्काला आणि त्या खोलीतल्या मला तराजूत घातलं आणि माझ्या बाजूने पारडं दाबलं. एवढं सगळं एका क्षणात होतं आणि माणसाला कळतही असतं. मला कळत होतं.

"लोक तसं म्हणतात," मी म्हणालो.

"लोक म्हंजे कोण?"

"सगळेच."

ते "बरं" म्हणाले, छत्री काखेत मारली आणि मामाच्या दाराकडे न वळता आले त्या वाटेने गेले. दुपारी मामीने कपबशा परत आणून दिल्या. त्या कोरड्या होत्या. आईने विचारलं, "आले नाहीत का?" मामी म्हणाली, "काम निघालं आसंल." दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी मामाने मला ओट्यावरून हाक मारली. माग बंद होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"बस की. लई गोष्टी सांगतो म्हणं तू."

मी मान खाली घातली. त्याला कळलं असावं अशी मला भीती वाटली.

"मला पण एक सांग. हाताची आग होती दुपारची, टाइम जात न्हाय."

मी त्याला पुस्तकातली सांगितली, भावाला विहिरीत ढकलणाऱ्या भावाची. फीत नव्हती, शिंपीही नव्हता. भराभर सांगून टाकली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे त्यानं ढकललं, म्हणून त्याला तसं मरण आलं."

"हो."

"तुझ्या सगळ्या गोष्टीत आसंच आसतं?"

"हो, मामा. पाप केलेलं असतं, त्याची शिक्षा मिळते."

"आन् काय केलंच नसलं तर? नुसताच पाय सरकला, तर?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि मला खरोखरच दुसरं उत्तर येत नव्हतं.

"मग गोष्ट होत नाही," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. मग आपल्या हातांकडे बघत बसला. मला जा म्हणाला नाही आणि बस म्हणाला नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. ठाऊक असेल तर तो माझ्यावर रागावला नाही. नसेल तर ते सांगायची वेळ तीच होती, आणि मी उठून जिना चढून गेलो.

दिवाळीनंतर दुधनीवाला आला. खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, अंगावर तापातून उठल्याचा पिवळेपणा. त्याला गल्लीच्या तोंडाशी बघून पोरं किंचाळत पळाली. पाच वर्षांचं ते पोर आपल्या आईच्या पदरात घुसून थरथरत होतं. तो बिचारा गोंधळून उभा राहिला. "यान आयतु? काय झालं? मी काय वाघ हाय का?" असं विचारत राहिला. अपघातानंतर त्याला हिवताप आला होता, भावाने गावी नेलं होतं, मग सुगी सुरू झाली. तो मामासमोर बसला, एकेक शेंग फोडून त्याच्या तोंडात घालत राहिला आणि रडत राहिला की मी तुला लवकर ओढलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पुस्तकात मेलेली माणसं परत यायची ती सूड घ्यायला. हा जिवंत माणूस शेंगा घेऊन आला होता.

नळावरच्या बायका म्हणाल्या, आमचा तर कधी विश्वासच बसला नव्हता. पण दोन मागवाल्या त्या मुलाचं लग्न तोवर दुसरीकडे ठरलं होतं. पुढच्या वर्षी अक्काला भिवंडीला दिली, एका बिजवराला. त्याला पहिल्या बायकोपासून दोन मुलं होती. ती सासरी गेली त्या दिवशी मी पोटात दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहिलो.

पुस्तक मी आधीच बंबात घातलं होतं. गोष्टी सांगणं बंद केलं. काही महिने मी माझ्या शिक्षेची वाट बघत होतो. जीभ झडेल, वाचा जाईल, असं काहीतरी, पापाच्या मापाचं. जीभ झडली नाही. मॅट्रिकला चांगले मार्क पडले, नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. मामा वारला तेव्हा मी बदलीच्या गावी होतो; रजा मिळाली नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे रजा मागितलीच नव्हती. एकदा कचेरीच्या कामाने मुंबईला गेलो होतो तेव्हा मुद्दाम भिवंडीला गेलो. पत्ता विचारत तिच्या गल्लीपर्यंत पोहोचलो. कोपऱ्यावर चहा घेतला. कप खाली ठेवला आणि स्टँडवर परत आलो.

मागच्या हिवाळ्यात मामी गेली. दहाव्याला अक्का सोलापूरला आली आहे असं कळलं. त्या घरात आता माग नाहीत. मागची खोली मात्र तशीच आहे. ती दारात बसली होती. केस पांढरे झालेले, जाड भिंगांचा चष्मा. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या, कलेक्टर. टक्कल पडलं की बे तुला."

मी समोर बसलो. मामीचं बोलणं झालं, तिच्या मुलांचं झालं. सवतीच्या त्या दोघांना ती 'माझी पोरं'च म्हणत होती, आणि ती तिचीच होती. धाकटा तिला एकटीला प्रवास करू देत नाही, म्हणून तो बरोबर आला होता. ती सुखात दिसत होती. हे बघून मी तसाच उठून जाऊ शकलो असतो. मनाने तेवढ्यात कारणही शोधलं होतं: आता कशाला? तिलाच काही वाटत नसेल तर?

मी म्हणालो, "अक्का, ते पहिलं स्थळ आलं होतं. दोन मागवाल्याचं."

"काय आठवण काढलीस बे आता." ती म्हणाली. "ते माझ्याच तोंडानं गेलं. त्या बायका बघायला आल्या तवा मी मोठ्यानं हसले. त्यातल्या एकीच्या नाकावर सारखी माशी बसत होती, काय करू? आई शेवटपर्यंत म्हणायची, त्या हसण्यानं घालवलंस. आजारी पडली तरी तेच म्हणाली. भिवंडीला गेल्यावर मी दोन वर्षं तोंडावर पदर धरल्याशिवाय हसत नव्हते."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पापाच्या जागी तिने इतकी वर्षं स्वतःचं एक ठेवलं होतं, आणि मामी ते मानतच गेली. तिला आता सांगायचीही सोय राहिली नव्हती. मी पंधरा दिवस आधी आलो असतो तर मामीलाही सांगता आलं असतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. जिन्याखालची खोली, कढई, दुकानाची पायरी, म्हाताऱ्यांचा प्रश्न, माझं उत्तर. ऐकता ऐकता ती चष्मा काढून पदराने पुसत राहिली, आणि पुसून झाल्यावरही घातला नाही.

"अक्का," मी म्हणालो, "तू हसलीस त्यानं काही झालं नव्हतं. तू त्यांना पसंत होतीस, तसा निरोप आला होता. स्थळ माझ्या एका वाक्यानं गेलं. मामांनी काही केलं नव्हतं, तू काही केलं नव्हतंस. मी केलं, आणि मला तेव्हाच कळत होतं. मामांना सांगायचं राहिलं, मामींनाही राहिलं, ते आता भरून येणार नाही. तुला सांगायला एवढी वर्षं लावली, त्याचीही माफी मागतो. मला माफ कर. केलं नाहीस तरी चालेल, पण यात तुझा दोष नव्हता, एवढं माझ्याकडून ऐकून घे."